दुसऱ्याच्या डोळ्यांचा चष्मा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगरापलीकडच्या एका गावात एक वैद्यबुवा राहत असत. त्यांच्या हाताला गुण होता. पण साठी उलटली आणि पोथीतली अक्षरं त्यांना पुसट दिसू लागली. पोथी लांब धरली की थोडं वाचता येई. पण हात तरी किती लांब करणार?

पाटलांच्या कानावर हे गेलं. ते प्रेमाने आपला जुना, सोनेरी काड्यांचा चष्मा घेऊन आले. "घ्या बुवा. याने मला मुंगीचे पायसुद्धा दिसत."

बुवांनी तो लावला. पण अक्षरं दिसली ती पोथी नाकाशी धरली तरच. जरा दूर नेली की ती पाण्यात बुडाल्यासारखी हलत.

"सवय होईल," पाटील म्हणाले.

"छे, काच कमी पडतेय. जत्रेतून जाड भिंगाचा आणा," शेजारी म्हणाला.

"लावूच नका. चष्म्याने डोळे आळशी होतात," पुजाऱ्यांनी बजावलं.

बुवा गोंधळले. सगळेच आपुलकीने सांगत होते, मग ऐकायचं कोणाचं? शेवटी त्यांनी जत्रेतून सर्वांत जाड भिंगांचा चष्मा आणला. आता उंबरा कुठे संपतो आणि अंगण कुठे लागतं, तेच कळेना. कपाळ ठणके. बुवांना वाटलं, पित्त झालं. स्वतःच काढा करून प्यायले. मग वाटलं, वात असेल. तेल चोळलं. "नाडी चांगली, जीभ स्वच्छ, मग दुखतंय तरी काय?" ते स्वतःशीच पुटपुटत.

अशात गावचा कुंभार तापाने फणफणत आला. बुवांनी फळीवरच्या बरणीवरचं नाव वाचलं, "धने", आणि बिया खलात ओतल्या. वैद्यीणबाई धावत आल्या. त्यांनी बुवांचा हात धरला.

"अहो, हा धोतरा आहे! जीव जाईल त्याचा!"

बुवांनी खल दूर सारला. जाड चष्मा काढून ठेवला. "मला काय झालंय, तेच समजत नाही गं."

"नाडी न दाखवता शेजारणीने सांगितलेला काढा कुणी घेतला की तुम्ही रागावता," बाई म्हणाल्या. "आणि डोळ्यांवर मात्र ज्याने जे सांगितलं ते चढवलंत."

कुंभाराला योग्य औषध मिळालं, ताप उतरला. मग बुवा नगरातल्या भिंगकाराकडे गेले. त्याने कुठलाच चष्मा पुढे केला नाही. आधी एक डोळा झाकून वाचायला लावलं, मग दुसरा.

"बुवा, तुमचा उजवा डोळा डाव्यापेक्षा अधू आहे."

"दोन्ही माझेच की! मग वेगळे कसे?"

भिंगकार हसला. "असतात. आता सांगा, पोथी किती अंतरावर धरता? उजेड कुठून येतो? आणि हा चष्मा वाचतानाच लावायचा, चालताना नाही."

त्याने दोन डोळ्यांना दोन वेगळी भिंगं घासली आणि साध्या पितळी काड्यांत बसवली. बुवांनी पोथी मांडीवर ठेवली. अक्षरं जागच्या जागी उभी होती. बुवा पानामागून पान वाचत राहिले. कपाळ शांत होतं.

गावी परतल्यावर त्यांनी पाटलांचा चष्मा हात जोडून परत केला. त्यानंतर त्यांच्या हातून बरणी कधी चुकली नाही.

तात्पर्य : चष्मा दुसऱ्याच्या सल्ल्याने नव्हे, आपले डोळे तपासूनच निवडावा.