तांडेलाने गिळलेला शब्द

भर समुद्रातल्या एका बेटावर कोळ्यांची वस्ती होती. धर्माजी तांडेल हा तिचा म्होरक्या. माणूस कर्तबगार, पण आपल्या शब्दाचा भारी अभिमानी.

पूर्वजांनी गाव टेकडीवर वसवलं होतं. मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन बायांना रोज चढ चढावा लागे. अधूनमधून जमीन हादरायची. मग पुष्कळ वर्षं एकही धक्का बसला नाही.

धर्माजी म्हणाला, "धरणी निवली. आता किनाऱ्यावरच राहू."

लोकांना तेच हवं होतं. फक्त त्याची थोरली वहिनी चांगुणा म्हणाली, "भावोजी, धरणी निवली की दबा धरून बसलीय, कुणी पाहिलंय?"

धर्माजी हसला. गाव खाली उतरलं. एकटी कुठे राहणार म्हणून चांगुणाही उतरली.

धरणी निवली नव्हती. समुद्रतळाखाली खडकाचे दोन अवाढव्य पट्ट होते आणि एक दुसऱ्याच्या खाली घुसत होता. ते एकमेकांत अडकले, म्हणून धक्के थांबले. रेटा मात्र चालूच होता. खालचा पट्ट वरच्याची कड ओढून वाकवत राहिला.

एके सकाळी ती अडकण सुटली. एका जागी खडक फाटला आणि शिवण उसवावी तशी ती फाट कोसच्या कोस पळत गेली. वाकलेली कड उसळली, तिने वरचा समुद्र उचलला. बेटावर जमीन इतका वेळ हलली की माणसांना उभं राहवेना.

हादरे थांबताच सगळे धर्माजीकडे धावले.

"तांडेल, वर जायचं का?"

"भावोजी, 'वर चला' म्हणा," चांगुणा कळवळून म्हणाली. "लोक तुमचंच ऐकतात."

धर्माजीने पाहिलं, पाणी किनारा सोडून मागे हटत होतं. आपलं चुकलं, हे त्याला त्याच क्षणी कळलं. पण 'वर चला' म्हणायचं, तर सगळ्यांदेखत ते मान्य करावं लागणार. त्याची जीभ उचलेना.

"हलायचं ते हलून झालं," तो म्हणाला. "घरी जा."

लोकांचा जीव भांड्यात पडला. काहीजण तर उघड्या तळावर तडफडणारे मासे वेचायला धावले. चांगुणा दारोदार फिरून हाका मारू लागली. थोडेच तिचं ऐकून टेकडी चढले.

मग क्षितिजावर पाण्याची भिंत दिसली. "वर पळा! माझं चुकलं!" धर्माजी ओरडला. तोवर उशीर झाला होता.

पाण्याने त्याला टेकडीच्या कडेला फेकलं, म्हणून तो वाचला. त्याची बायको गेली, मुलगे गेले. चांगुणा शेवटच्या दारातून परतलीच नाही.

वर जमलेल्या मूठभर लोकांनी त्याला घोंगडी पांघरली. एक म्हातारा म्हणाला, "तांडेल, मनाला लावून घेऊ नका. कुणाला कळणार होतं?"

धर्माजी खाली बघत म्हणाला, "मला कळलं होतं."

तात्पर्य: चूक कुणाच्याही हातून होते, पण ती कळल्यावरही जो अभिमानापायी गप्प राहतो, त्याच्या मौनाची किंमत त्याच्यावर विसंबलेल्यांना मोजावी लागते.