पश्चिमेची भिंत

त्या वर्षी रायाजी महाराजांचा मुक्काम टेंभुर्डोहला होता. नदीपासून दोन कोसांवरचं हे गाव. नावातला डोह कधीच आटलेला, टेंभुर्णीची झाडं सरपणाला गेलेली. उरलं होतं ते फक्त ऊन, आणि ते मात्र गावात कुणालाही कमी पडत नव्हतं. महाराजांनी हेच गाव का निवडावं, हे भाविकांना उमगत नसे. विचारलं तर महाराज म्हणत, "बऱ्या जागी माझं काय काम हाय बावा?" गावाबाहेर कडुनिंबाच्या पारावर ते बसत, मिळेल ती भाकर खात. कुणी पाया पडायला आलं की त्याला आशीर्वाद देण्याआधी त्याचे तळपाय पाहत, चटके तर बसले नाहीत ना म्हणून.

याच गावात भिवसन नावाचा एक चुनेवाला राहत होता. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, खड्ड्यात महिनोन्‌महिने मुरवायचा आणि दसरा-दिवाळीच्या दिवसांत गावाच्या भिंती पांढऱ्या करायच्या, एवढंच त्याला येत होतं. चुन्यानं हाताची कातडी फाटलेली. कुंचल्याचा प्रत्येक हात मारताना तो "रायाजी, रायाजी" असं पुटपुटायचा. लोक त्याला हसायचे. त्याला ते ऐकू जायचं, पण हात थांबायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी भिवसनच्या मुलाचं, देवमनचं, लग्न ठरलं. तेव्हा त्र्यंबकराव मुळावकर स्वतःहून त्याच्या दारात आले. गावात पत्र्याचं, खिळ्यांचं आणि रंगाचं दुकान होतं ते त्यांचं. पंचांमध्ये पहिली खुर्चीही त्यांचीच.

"भिवसन, साऱ्या गावाले चुना लावतं अन् सून काय चुन्याच्याच घरात आणतं? ऑइलपेंट लाव. दहा वर्षं भिंतीकडे पाहाचं काम नाही."

भिवसनची बायको गिरजा त्या वेळी अंगणात चुना विरवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मातीची भिंत हाय भाऊजी. तिलेही श्वास लागते. अन् ह्या गावात पश्चिमेले पांढऱ्याबिगर काही टिकत नाही."

"बाईमाणसाले रंगातलं काय समजते?" त्र्यंबकराव म्हणाले, आणि देवमनकडे वळून त्यांनी 'पक्कं काम' हा शब्द तीन वेळा उच्चारला. लग्न ठरलेल्या पोरासमोर हा शब्द एकदा उच्चारला तरी पुरतो. चार दिवसांत घराची पश्चिमेची भिंत गडद हिरवी झाली. गिरजेनं विरवलेला चुना खड्ड्यात तसाच राहिला. वरचं पाणी आटू नये म्हणून ती मात्र रोज त्यात तांब्याभर पाणी ओतत राहिली.

पुढच्या वैशाखात भिंत तव्यासारखी तापली. दिवेलागणीलाही तिला हात लावता येत नसे. आतला ओलावा बाहेर पडायला वाट शोधू लागला आणि रंगाला हाताएवढाले फोड आले. त्र्यंबकराव येऊन पाहून गेले. "भिंतीतच दोष हाय," म्हणाले. त्या भिंतीमागच्या खोलीत गिरजेला ऊन लागलं. तळपायांना कांदा चोळला, कैरीचं पन्हं पाजलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. अंत्ययात्रेत त्र्यंबकराव पुढे होते. "ऊन काय, साऱ्याईलेच लागते," त्यांनी भिवसनचं सांत्वन केलं.

पावसाळा संपताच भिवसननं खुरपं घेतलं आणि रंग खरवडायला निघाला. चुना धरायचा तर तो याच दिवसांत. भिंत थंड हवी, हवा दमट हवी, आणि वरचा हात तीन दिवस सावकाश सुकायला हवा. पण पंचांनी त्याला अडवलं. वर्षाच्या आत घराला चुना नाही, अशी गावाची रीत.

"चुना म्हणजे शोभा," त्र्यंबकराव म्हणाले. "बायको जाऊन सा महिने नाही झाले, अन् तुले शोभा सुचते?"

ही शोभा नसून सावली आहे, हे भिवसनला सांगता आलं नाही. खुरपं घेऊन तो परत फिरला. त्याला भिंतीतलं सगळं समजत होतं, पंचांसमोर कसं बोलावं तेवढं समजत नव्हतं.

वर्षश्राद्ध पुन्हा वैशाखातच आलं. त्यानंतर चौथ्या दिवशी सून पंचफुला त्याच खोलीत बाळंत झाली. मुलगी झाली. पुढच्या खोलीवर पत्रे, तिथं चूल. तिथं माणूस बसूही शकत नव्हतं. आणि बाराव्या दिवसापर्यंत बाळंतिणीला कुणी दुसऱ्या घरात घेत नाही, तीही रीतच. टेंभुर्डोहला पाण्याची टंचाई होती, रीतींची नव्हती.

तिसऱ्या दिवशी मुलगी रडायची थांबली. टाळू खोल गेली. सुईण सखूआजीनं तिला हातात घेतलं, परत ठेवलं आणि बाहेर येऊन भिवसनला म्हणाली, "बाप्पा, ही खोली थंडी नाही झाली तं बाराव्याले नाव ठेवाले पोरगी राहाची नाही."

भिवसन उठला. बापलेकांनी दिवसभर खरवडून हिरवा रंग काढला. दुसऱ्या दिवशी पहाटे भिवसननं गिरजेच्या खड्ड्यातला अर्धा चुना उपसला, गुळाचं पाणी घातलं, बेलफळाचा चिकट गर घातला, भिंत भिजवली आणि कुंचला मारला. सूर्य डोक्यावरून कलायच्या आत बांबू रोवून गोणपाटं बांधली. दुपारी वावटळ आली. गोणपाटं भिंतीवर फरफटली आणि बांबूंसकट पडली. मग ऊन आलं आणि घटकाभरात ओला चुना फटफटीत कोरडा झाला.

त्र्यंबकरावांनी सगळ्यांसमोर भिंतीवरून बोट फिरवलं आणि बोटावरची पूड फुंकून उडवली.

"हे तोंडाले लावाचं पावडर झालं भिवसन. सुनेले दे." लोक हसले. "अन् तुझा रायाजी कुठी गेला? हाताहाताले नाव घेतं त्याचं. त्याले म्हणा, सूर्याले थोडं समजावून सांग!"

भिवसन पारावर गेला. नमस्कारही न करता महाराजांसमोर बसला.

"काही मागाले नाही आलो," तो म्हणाला. "मागाचं ते गेल्या वैशाखात मागितलं. तवाही तुमचंच नाव घेत होतो. तीन दिवस घेतलं. आता नातीसाठी घ्यावं तं जीभ वळत नाही. तेवढं सांगाले आलो."

जमलेले भाविक चपापले. संतासमोर असं कुणी बोलतं का! पण महाराजांनी मान खाली घातली.

"खरं हाय," महाराज म्हणाले. "मी आलो नाही."

मग महाराजांनी विचारलं, "चुना किती उरला?"

"अर्धा खड्डा. गिरजेनं विरवलेला. तो संपला का संपलं."

"उद्या लाव."

"ऊन खाऊन टाकते, महाराज."

"उन्हाचं मी पाहतो. तू लाव."

एक भाविक कळवळ्यानं म्हणाला, "महाराज, त्या घरी सोयर हाय. आपण कसं जाता?"

"ऊन मानते काय सोयर?" महाराज म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच काठी घेऊन निघाले.

भिवसननं दुसरा हात मारला, तोही पहाटेच. या वेळी तो काही पुटपुटत नव्हता. महाराजांनी खांद्यावरचं उपरणं काढून ठेवलं आणि भिंतीपासून पाच हातांवर, पश्चिमेकडे उघडी पाठ करून, तापल्या मातीत मांडी घातली. सूर्य माथ्यावरून जरासा कलला. त्या वेळी माणसाची सावली पायाशीच असते. महाराजांचीही होती. आणि तरी भिंतीवर सावली होती! ती माणसाच्या आकाराची नव्हती. भिंत जिथं सुरू होत होती तिथं ती सुरू झाली आणि भिंत जिथं संपत होती तिथं संपली. शेजारची भिंत डोळ्यांना टोचेल अशी पेटलेली. भिवसनची भिंत मात्र आषाढातल्यासारखी गार, ओली, करडी. आकाशात ढगाचा तुकडा नव्हता. वावटळ आली, गल्लीच्या तोंडाशी घुटमळली आणि दुसरीकडून निघून गेली.

पहिल्या दिवशी आत काहीच घडलं नाही. सखूआजी दोनदा बाहेर आली, दोनदा मान हलवून आत गेली. भिवसन भिंतीवर ओंजळीनं पाणी शिंपत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आशा नव्हती. काम होतं म्हणून तो करत होता. दुसऱ्या दिवशी चुना पांढरा पडू लागला. खोलीतली धग उतरली. मुलीनं ओठ हलवले, पण दूध ओढलं नाही. महाराज सकाळी येत, सूर्य बुडेपर्यंत बसत. पाणी दिलं तर भिंतीकडे बोट दाखवत.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्र्यंबकराव आले. सोबत चारपाच माणसं आणली होती. खोटेपणा उघडा पाडायचा तर साक्षीदार लागतात, हे ते दुकानदारीमुळे शिकले होते. त्यांनी आकाश पाहिलं, झाड शोधलं, कुठं कापड टांगलंय का पाहिलं. मग भिंतीला तळहात लावला. तळहात गार पडला. बोट फिरवून पाहिलं, बोटाला काही लागलं नाही.

"कायची सावली हाय ही?" ते म्हणाले, आणि महाराजांना वळसा घालून त्यांच्या मागे गेले.

तिथं ते थांबले. महाराजांच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत फोड आले होते. हाताएवढाले, फुगलेले, कडा सुटलेले. त्र्यंबकरावांनी असे फोड पूर्वी पाहिले होते. 'भिंतीतच दोष हाय' असं ज्यांच्याकडे पाहून ते म्हणाले होते, ते हेच. तीन दिवस भिंतीवर न पडलेलं सगळं ऊन इथं पडलं होतं.

त्याच वेळी आत मुलगी रडली. बारीक, चिरका, रागावलेला आवाज. आणि तो थांबेना! सखूआजी दारातून ओरडली, "ओढते हो, दूध ओढते!" देवमन उंबऱ्यावरच बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडू लागला.

त्र्यंबकराव वळसा घालून पुढे आले आणि महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"मले काय सांगतं? ज्याची गेली त्याले सांग."

त्र्यंबकराव तसेच गुडघ्यांवर भिवसनकडे वळले. ज्यांना साक्षीदार म्हणून आणलं होतं ती माणसं मागे उभीच होती. पंचांच्या पहिल्या खुर्चीतला भारदस्त आवाज कुठल्या कुठं गेला होता.

"भिवसन... पांढरा रंगही होता दुकानात. हिरवा कोणी नेत नव्हतं. डबे पडून होते. म्हणून मी... वहिनी बोलल्या तवाच मले समजलं होतं का त्या बरोबर बोलते." त्यांनी कपाळ जमिनीला टेकवलं.

भिवसन हातातलं पाणी गळू देत उभा राहिला. महाराज आले होते, पण एक वर्ष उशिरा आले होते. आणि ज्या चुन्यानं नात वाचली तो विरवणारी परत येणार नव्हती. भाविकहो, ही कथा सांगताना इथं जयजयकार करावा असा प्रघात आहे. त्या दिवशी कुणी केला नाही. महाराज मुकाट्यानं उठले, उपरणं खांद्यावर न घेता हातात घेतलं आणि पाराकडे चालू लागले. पुढे जन्मभर ते पालथे झोपत.

त्र्यंबकरावांचं कपाळ अजून मातीवरच होतं. महाराज गेले तरी सावली भिंतीवर आणि तिच्या पायथ्याशी होतीच. त्र्यंबकराव तिच्या कडेबाहेर होते, आणि मातीचा चटका त्यांच्या कपाळाला बसत होता. तरी ते उठत नव्हते. भिवसननं त्यांना माफ केलं की नाही, हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. त्या वेळी तो एवढंच म्हणाला, "उन्हात नका पडू, मालक. इकडे सावलीत या."

ते डोकं वर न उचलता, हातांवर रांगत सावलीत आले आणि भिवसनच्या चुन्यानं फाटलेल्या पायांवर त्यांनी डोकं ठेवलं.