घागरीतली बाटली

“रॉकेल किती घातलंस, एवढंच सांग!”

शिरीषचा आवाज रांगेच्या शेवटापर्यंत गेला. हुसेनबाबांच्या तेलाच्या पेढीवर तो वर्षभर पारख शिकत होता. बाबा आत होते, म्हणून आज काटा त्याच्या हाती.

समोर रुमलीबाई पाडवी, रोशा गवताच्या सुगंधी तेलाचा डबा घेऊन.

“नाही घातलं, दादा. माझंच गवत, माझीच भट्टी... माझी सासूपण इथंच तेल द्यायची. असं कुणी बोललं नाही.”

“काटा खोटं बोलत नाही!” त्यानं मापाची बाटली तिच्या नाकासमोर नाचवली. “काठोकाठ भरली, तरी वजन कमी. रॉकेलाशिवाय तेल एवढं हलकं होतं का?”

आणि खडूनं डब्यावर लिहिलं: भेसळ.

चोराला धरावं तसं, भर रांगेत! एकानंही त्याला ‘थांब’ म्हटलं नाही. रांगेत मीही होतो. अजून लाज वाटते.

रांगेतली एक बाई मात्र उठली आणि लगबगीनं पाड्याच्या वाटेला लागली. एवढी बातमी पोटात कशी राहणार?

बाबा बाहेर आले.

“बाटली घागरीत ठेवली होतीस?”

“ती जुनी रीत झाली, बाबा. माझा काटा नवा आहे.”

बाबांनी त्याचा हात धरून डब्यावर दाबला. चटका बसताच शिरीषनं तो झटकन मागे ओढला.

“किती चाललीस, बाई?”

“तीन कोस. उन्हातून, डोक्यावर घेऊन.”

बाबांनी बाटली घागरीच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवली. वाटीत थोडं तेल काढून तेही पाण्यावर ठेवलं. मग बसून राहिले...

उन्हानं फुगलेलं तेल निवलं, तसं आकसून बाटलीत खाली उतरलं. बाबांनी ती वाटीतल्या तेलानं पुन्हा काठोकाठ भरली, पुसली, काट्यावर ठेवली.

वजन चोख भरलं.

रुमलीबाईनं पदर डोळ्यांना लावला. शिरीषचा चेहरा उतरला. त्यानं ओलं फडकं घेतलं आणि डबा घासून घासून स्वच्छ केला.

“पुसलं, बाबा.”

बाबा वाटेकडे बघत होते. बातमी घेऊन निघालेली ती बाई आता ठिपक्याएवढी दिसत होती.

“मग बसलास काय? फडकं घे, आणि तिच्या मागे पळ!”