सोळा स्क्रू

“फ्यूज कुठाय?” दस्तगीर वस्तादांनी विचारलं.

ही गोष्ट खरी आहे. कृष्णामाईची शपथ घेऊन सांगतो, मी तिथं हजर होतो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं या डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे पहिला अर्धा भाग पाहिला नाही, तेव्हा मी शेजारच्या टपरीवर चहा पीत होतो. पण टपरीवाल्यानं पाहिला, आणि तो माझ्याइतकं खोटं बोलत नाही.

तर, फ्यूज.

“आत आहे, वस्ताद,” विश्वजित म्हणाला. “आधी गाडी तर बघा.”

विश्वजित डुबल, पुण्यात इंजिनियर. कॉलेजात असताना दोन उन्हाळे त्यानं कराडला, ओगलेवाडी रस्त्यावरच्या वस्तादांच्या याच ऑटो-इलेक्ट्रिकच्या पत्र्याच्या शेडमध्ये काढले होते. वायर सोलायला तो वस्तादांच्या हाताखाली शिकला. आता जुनी ट्रॅव्हलर घेऊन, तिच्या सगळ्या सीटा उपटून, त्यानं आत घर केलं होतं. पलंग, ओटा, बेसिन. टपावर सोलरची चार पॅनेलं. पलंगाच्या उशाशी, भिंतीआड, दोन लिथियमच्या बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर. गाडी कुठल्याही माळावर उभी करा, दोन दिवस विजेच्या खांबाचं तोंड बघायला नको.

सगळा खटाटोप आईसाठी. हौसाबाईंची फुप्फुसं चार वर्षांपूर्वी एका आजारात कामातून गेली. तेव्हापासून नाकाला नळी, नळीला ऑक्सिजनचं मशीन, मशीनला भिंतीतलं सॉकेट. वायर जाईल तेवढंच बाईंचं जग. आणि त्यांची थोरली बहीण कोयनेच्या पाण्यापलीकडं अंथरुणाला खिळलेली, जिथं लाईट पाहुण्यासारखी येते आणि चहा घेऊन जाते. हौसाबाईंना तिला एकदा डोळेभर बघायचं होतं. दोन रात्री. बास.

विश्वजित थेट तिकडंच निघाला होता. कराडात आल्यावर हौसाबाई अडून बसल्या.

“दस्तगीरभावजींचा ठिपका लागल्याबिगर मी या गाडीत झोपायची नाही.”

ठिपक्याचं असं आहे. वस्ताद जी गाडी पास करतात, तिच्या बॅटरीच्या पेटीवर अंगठ्यानं चुना लावतात. तंबाखूच्या डबीतलाच. हौसाबाईंचे मालक ट्रक चालवायचे. तो ठिपका नसलेली गाडी त्यांनी उभ्या आयुष्यात घाटात घातली नाही.

म्हणून सकाळी अकरा वाजता गाडी शेडसमोर उभी. पलंगावर हौसाबाई, शेजारी त्यांचं मशीन गाडीच्याच बॅटरीवर घुमतंय, आणि विश्वजित ठिपक्याची वाट बघतोय.

वस्तादांनी चपला खाली काढल्या आणि आत चढले. वय शहात्तर. त्यातली पन्नास वर्षं बिडीची.

“हे बघा,” विश्वजितनं मोबाईल पुढं केला. “बॅटरी ब्याण्णव टक्के. आईचं मशीन साडेतीनशे वॅट खातंय. सगळं इथं दिसतं.”

वस्तादांनी मोबाईलकडं पाहिलं नाही. त्यांनी उजवा हात उलटा केला. गरम वायर ते तळहातानं नाही, हाताच्या मागच्या बाजूनं बघतात. तो उलटा हात हवेतच राहिला.

“वायरी कुठायत?”

“दिसतच नाहीत. तीच तर गंमत आहे.”

उशाकडची अख्खी भिंत सागाच्या एका फळीनं मढवली होती. पॉलिश असं, की वस्तादांची दाढी त्यात दिसत होती.

“एक स्क्रू शोधून दाखवा, वस्ताद.”

वस्तादांनी फळीवरून बोट फिरवलं. वर, खाली, कडेकडेनं...

“हरलो,” ते म्हणाले. “किती हायत?”

“सोळा. प्रत्येकावर त्याच लाकडाचं बूच बसवून पॉलिश मारलंय.”

“आन् फ्यूज या फळीमागं.”

“हो. पण तो उडणार नाही. लोड काढूनच घातलाय.”

“उडायसाठीच असतो की रं तो.”

विश्वजित हसला. “पाच वर्षं हात लावायला लागणार नाही, वस्ताद. आणि आईजवळ लहान सिलिंडर असतोच.”

“झोपेत ती लावून घेईल?”

विश्वजितनं खिशातून रुमाल काढला. फळीवर एक डाग होता, तो पुसला.

 वस्ताद पलंगाकडं वळले.

“वहिनी, तो लहान सिलिंडर लावा आन् जरा खाली सावलीला बसा.”

एव्हाना माझा चहा संपला होता, म्हणून सिलिंडर मी धरला. हौसाबाईंना लिंबाखाली खुर्चीत बसवलं. त्यांनी नळी नीट केली आणि विचारलं, “ठिपका लावला का?”

“लावतायत,” मी म्हणालो. मला काय माहीत.

गाडीच्या दारातून आतलं सगळं दिसत होतं. वस्तादांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्याकडं टाकलं. मशीनचं बटण बंद केलं. मग हौसाबाईंच्या जागेवर, हौसाबाईंच्याच उशीवर डोकं ठेवून, आडवे झाले.

“वस्ताद, काय करताय?”

“आता मी तुझी आई.”

“म्हणजे?”

“फ्यूज उडालाय.”

असं म्हणून म्हाताऱ्यानं डाव्या हाताच्या चिमटीत नाक धरलं, तोंड मिटलं आणि छताकडं बघत पडून राहिला.

विश्वजित हसला. माझ्याकडं बघून त्यानं डोळा मिचकावला. मीही मिचकावला.

“बरं, कळलं,” तो म्हणाला. “उठा आता.”

वस्तादांनी उजव्या हाताचं बोट फळीकडं केलं.

“कळलं म्हणतोय ना. पुण्याला गेलो की बदलतो.”

बोट तिथंच.

मग विश्वजित हलला. हत्यारांची पेटी पलंगाखालच्या खणात होती. पलंगावर वस्ताद, त्यांच्या वजनानं खण अडकला. तो हिसडे देऊन उघडला. ड्रिल काढलं, दाबलं... मेलेलं. त्याची बॅटरी उतरलेली होती. ती चार्ज कशावर करायची, तर त्याच फळीआडच्या बॅटऱ्यांवर. मी हसणार होतो. पण वस्तादांच्या चेहऱ्याकडं नजर गेली.

चेहरा लाल झाला होता.

विश्वजितनं हाताचा पेचकस घेतला आणि फळीसमोर गुडघ्यावर बसला. आता त्यालाच बुचं सापडेनात. त्यानं नखं लावली. नख मोडलं. एक बूच निघालं. स्क्रू फिरवायला लागला. लांब स्क्रू, फिरतोय, फिरतोय, बाहेर यायचं नाव नाही.

“वस्ताद, सोडा. पाया पडतो.”

वस्तादांनी मान हलवली नाही. चेहरा आता वांग्याच्या सालीसारखा. गळ्याची शीर टरारली होती.

दुसरा स्क्रू. तिसरा... पेचकस घसरून पॉलिशवर लांब ओरखडा गेला. तिकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

तेवढ्यात फळीकडं रोखलेला म्हाताऱ्याचा उजवा हात खाली आला. पलंगाच्या कडेवरून निसटला आणि लोंबत राहिला.

लिंबाखालून हौसाबाई उठल्या होत्या. नळी ताणली गेली तसा मी सिलिंडर घेऊन त्यांच्यामागं. आम्ही दोघं दारात. रस्त्यावरचा उसाचा ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून गेला आणि मला तो ऐकूच आला नाही, हे मला नंतर टपरीवाल्यानं सांगितलं.

विश्वजितनं पेचकस टाकला. उभा राहिला. आणि तीन महिने जपलेल्या सागाच्या फळीत टाच घातली.

एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा फळी फाटली. त्या भोकात त्यानं खांद्यापर्यंत हात घातला, कुसं मनगटात घुसत होती, आणि आत चाचपडत ओरडला, “धरला. धरला, वस्ताद. हा बघा फ्यूज.”

वस्तादांनी नाक सोडलं. ट्रकचा एअर ब्रेक सुटावा तसा आवाज झाला.

विश्वजित तिथंच खाली बसला. हात अजून भिंतीत.

हौसाबाईंनी दारातूनच विचारलं, “पायाला लागलं का रं, विश्वा?”

म्हाताऱ्यानं पूर्ण सात मिनिटं श्वास धरला होता. मग ते उठले, डबीतला चुना अंगठ्यावर घेतला, फुटलेल्या फळीवर ठिपका लावला आणि म्हणाले, “आता बसली तुझी बॅटरी.”

आता शपथ घेतलीच आहे, तर यात खोटं काय तेही सांगायला हवं.

सात मिनिटं खोटी. घड्याळ माझ्याच हातात होतं. सत्तर सेकंद.

तेवढ्यात सोळापैकी तीन स्क्रू निघाले होते.

आणि ठिपका खोटा. वस्तादांनी त्या दिवशी तो लावलाच नाही, चुना तंबाखूतच मळला. ठिपका लागला चौथ्या दिवशी, आणि त्यानंतरच हौसाबाई बहिणीकडं गेल्या. बॅटरी बसली वगैरे वाक्यही माझंच. चार लोकांत सांगताना बरं वाटतं.

वस्ताद खरं म्हणजे बराच वेळ खोकले. तांब्याभर पाणी प्यायले. मग भिंतीतल्या भोकाकडं बघून म्हणाले,

“इथं दार बसव. कडी लावू नको.”