कुंभारवाड्यातले मिटलेले डोळे

एका राज्यात हेमांगद नावाचा राजा होता, आणि त्याचं तोंड प्रजेतल्या कुणीच पाहिलं नव्हतं. कारण त्याच्या आजोबांनी एका मांत्रिकाचे डोळे काढवले होते. गुन्हा एवढाच, की माणकांच्या मुकुटाकडे त्याने मान न झुकवता पाहिलं. मांत्रिक बोलला, "या गादीवरच्या राजाचं तोंड जो पाहील, तो आंधळा होईल." तेव्हापासून स्वारी निघाली की पुढे नगारा वाजे आणि अवघं नगर पाठ फिरवी. गादीवर बसल्यापासून हेमांगदाने नुसत्या पाठीच पाहिल्या.

एके सकाळी स्वारी कुंभारवाड्यातून चालली होती. एका कुंभारणीच्या चाकावर रांजण अर्धा उठला होता. पाठ फिरवावी तर रांजण बसणार. तिने नुसते डोळे मिटले आणि हात चालू ठेवले. भुवईवर चिखलाचा एक ठिपका होता. झालं, राजा कामातून गेला.

सात वर्षं तो रोज त्याच वाटेने गेला. रोज नगारा, रोज मिटलेले डोळे. ते उघडे कसे दिसत असतील, या विचारापायी त्याला अन्न गोड लागेना. वेडेपणाच तो. तो थकला, तरी वेड काही सुटेना.

शेवटी महालापुढच्या कडुनिंबावर राहणाऱ्या भारद्वाजाला त्याने विचारलं. तो पक्षी बोलत असे.

"शाप कसा सुटेल?"

"तीन कामं आहेत, राजा. तुझ्या आजोबांचा तो मुकुट जुन्या विहिरीतला नाग राखतोय, त्याच्याकडून आण. अनवाणी जाऊन मांत्रिकाच्या समाधीवर ठेव. आणि प्रजा रोज तुझ्यासाठी करते, ते तू एकदा तिच्यातल्या कुणासाठी कर."

"प्रजा माझ्यासाठी काय नाही करत?"

पक्षी उडून गेला.

नागाने मुकुट सहज दिला. राखण करून त्यालाही कंटाळा आला होता. उपरण्याने तोंड झाकून राजा एकवीस दिवस चालला. समाधीवर ठेवताच मुकुटाची माती झाली. तिसरं काम मात्र परतीच्या एकवीस दिवसांतही उमगेना.

पाय नेतील तिकडे तो गेला. भर दुपारी घाम पुसायला त्याने उपरणं सोडलं, आणि पाहतो तर समोर कुंभारणीचं अंगण. नगारा वाजला नव्हता. ती मान वर करू लागली. क्षणभर थांबला असता, तर सात वर्षं हवे होते ते डोळे त्याला दिसले असते. आणि तिचे कायमचे गेले असते. राजाने गर्रकन पाठ फिरवली.

"तिसरं झालं," भारद्वाज कौलावरून म्हणाला.

"कोण रे बाबा तू?" कुंभारीण म्हणाली. "मडक्यांचं ऊन अडवलंस. सरक की जरा."

राजा वळला. डोळे साधेच होते, धुळीने लाल झालेले, झोप अपुरी राहिलेले. तिने त्याला नीट न्याहाळलं आणि ओळखलं नाही. ओळखणार तरी कशी?

"दमलेला दिसतोस. पाणी पी."

आतून तिच्या नवऱ्याने विचारलं, "गोजरे, कोण आलंय?"

"कुणी नाही. वाटसरू आहे."

राजा पाणी प्याला. इतकं वाईट त्याला कधी वाटलं नव्हतं, आणि इतकं हलकंही.

दुसऱ्या दिवशी शाप सुटल्याची दवंडी फिरली आणि स्वारी नगाऱ्याविना निघाली. अवघं नगर राजाकडे तोंड करून उभं होतं. गोजरीने वर पाहिलं, कालचा वाटसरू ओळखला, जराशी हसली आणि पुन्हा खाली वाकली, कारण रांजण चाकावर होता.

असा तो शाप सुटला आणि राज्य मार्गी लागलं. राजाला झोप येऊ लागली. कुंभारवाड्याच्या वाटेने तो पुढे कामापुरताच गेला.