मल्लेश्वरीची एका शब्दाची कविता

एका गावात एक भोळा मास्तर होता. उगाच दुसऱ्याचं नाव कशाला घेऊ? तो मीच.

गाव तेलंगणाच्या सीमेवर. माझ्या वर्गात तांड्यावरची मुलं होती, गोंडांची होती, वीटभट्टीवरची तेलुगू मुलंही होती. घरी आपापल्या भाषेत बडबडायची, वर्गात मुकी. वीटभट्टीवरची मल्लेश्वरी तर हजेरीलासुद्धा तोंड उघडत नसे. तिचा आवाज कसा आहे, हे मला माहीतच नव्हतं.

मुख्याध्यापिका मुळेबाई म्हणाल्या, "मास्तर, शनिवारी तपासणीला साहेब येतायत. प्रत्येकाने आपल्या भाषेतली कविता हातवारे करून म्हणायची. घरची भाषा वर्गात आणा."

घरची भाषा सगळ्यात चांगली कोणाला येते? आजीला. मी मुलांना सुट्टी दिली आणि आज्या आणून बाकांवर बसवल्या.

मुळेबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, आज्या नकोत, मुलं हवीत! कोणी बोलायला लागलं की मध्ये तोंड घालू नका. संपलं की जोरात टाळ्या वाजवा."

"लक्षात ठेवतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी खिचडी शिजवणाऱ्या कोंडाबाई दारात आल्या. त्यांची गाभण शेळी मेली होती. छाती बडवत, हेल काढून त्या सांगत होत्या. मी मध्ये तोंड घातलं नाही. संपल्यावर जोरात टाळ्या वाजवल्या. म्हणालो, "वा! हातवारे तर फारच छान."

त्या दिवशी माझ्या ताटात फक्त करपलेली खिचडी पडली.

"अहो, अशा वेळी मान खाली घालून गप्प उभं राहायचं!" मुळेबाई ओरडल्या.

"लक्षात ठेवतो."

मग तांड्यावरच्या खेमराज राठोडने गोरमाटीत, म्हणजे त्याच्या घरच्या बंजारा बोलीत, कविता म्हटली. आईच्या मागे लागलेल्या कोंबड्याची. नाचून, आरवून. संपवून त्याने आशेने पाहिलं. मी खूण केली. सगळा वर्ग मान खाली घालून उभा राहिला.

खेमराज घाबरला. "सर, कोण मेलं?"

मी मान आणखी खाली घातली. पोरगं रडायलाच लागलं.

आता मुळेबाईंचा आवाज बसला होता. "मास्तर, मूल बोललं की त्याला बळ द्यायचं. सगळ्यांनी त्याच्या मागून म्हणायचं."

"लक्षात ठेवतो."

शनिवारी साहेब पुढे खुर्चीत बसले. कविता सुरू होणार, तोच मल्लेश्वरी बाकावर चढली. डोळे मोठे, बोट समोर.

"पामु!"

पोरगी बोलली! मी वर्गाला म्हणालो, "हं, मागून म्हणा!"

"पामु!"

"पामु! पामु!" मल्लेश्वरी किंचाळली.

"पामु! पामु!" वर्ग दणाणला. बाकीची तेलुगू मुलं खिडकीतून बाहेर पडली. मला वाटलं, लाजली.

साहेब खूश होऊन पायाने ठेका धरत होते. "सुंदर! पण बाळ, पामु म्हणजे काय?"

मल्लेश्वरीने त्यांच्या खुर्चीखाली बोट दाखवलं. साहेबांनी वाकून पाहिलं. दुसऱ्या क्षणी ते टेबलावर होते. दोन्ही हात हलवत, घामाघूम होऊन ओरडत होते, "साप! साप!"

इतका जीव तोडून कविता म्हणणारा अधिकारी मी आजवर पाहिला नव्हता. वर्गाकडे वळून म्हणालो, "मुलांनो, आता साहेबांच्या भाषेतली. हं, मागून म्हणा!"