कपिंजल रंगाऱ्याचा मत्सर

पूर्वी चंपानगरीत अरिंदम नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व नदीकाठच्या एका रंगाऱ्याच्या घरी जन्मले होते. वडिलांच्या मागे नगरातली सर्वांत मोठी रंगशाळा त्यांच्याकडे आली. तिथे साठ माणसे कामाला होती. जमिनीत पुरलेल्या कुंडांत नीळ आंबवली जाई आणि त्यांतून निघालेले निळे कापड व्यापारी दूरच्या देशांना नेत.

त्या रंगशाळेत कपिंजल नावाचा कारागीर होता. बावीस वर्षे तो तिथे राबत होता. कुंडात चुना कमी आहे की गूळ, हे तो नुसत्या वासावरून सांगे. एवढ्या वर्षांत तो एकदाही उशिरा आला नव्हता. काम संपले की मात्र कुणासाठी न थांबता, जवळजवळ धावतच तो घरी जाई. लोक त्याला माणूसघाणा म्हणत आणि त्याच्या वाटेला जात नसत.

एके वर्षी नदीपलीकडच्या बुरुडांच्या वस्तीतून कुरंगी नावाची एक तरुण मुलगी कामाला आली. त्या वस्तीतल्या माणसांना नगरात कुणी उभे करीत नसे. बोधिसत्त्वांनी तिला कापड बुडवायला दिले. तिचा हात इतका सारखा चाले की कापडावर एकही डाग उठला नाही. तिला काम मिळाले.

पण ती रोज उशिरा येई. दहाव्या दिवशी कारभारी तिला घेऊन बोधिसत्त्वांसमोर आला आणि म्हणाला, "आर्य, हिला काढून टाकावं. आज सूर्य कासराभर वर आल्यावर आली."

बोधिसत्त्वांनी विचारले, "मुली, तुला उशीर का होतो?"

कुरंगी खाली मान घालून म्हणाली, "बाबा बांबू तोडताना पडले. कमरेखाली त्यांना काही कळत नाही. त्यांचं सगळं आवरायचं, आजीला दिसत नाही तिला भरवायचं, दोन धाकट्या बहिणी आहेत. मग नाव मिळाली तर नाव, नाहीतर पुलापर्यंत चालत यायचं."

बोधिसत्त्व कारभाऱ्याला म्हणाले, "हिचं काम कापड पाहून मोजा, सूर्य पाहून नको."

ते एवढ्यावर थांबले नाहीत. रंगशाळेत रेवती नावाची म्हातारी होती. तिला आता वाकून काम होत नव्हते आणि रिकामे बसून खाण्याची लाज वाटत होती. तिला त्यांनी विचारले, आणि ती आनंदाने कुरंगीच्या बापाजवळ दिवसा बसू लागली. तिचे वेतन रंगशाळेतूनच चालू राहिले. थंडी सुरू झाली तेव्हा कुरंगीच्या घरी दोन घोंगड्याही गेल्या.

कपिंजल हे सगळे पाहत होता.

प्रथम त्याला वाटले, आपल्याला काय त्याचे. मग त्याच्या लक्षात येऊ लागले की स्वामी फेरी मारताना कुरंगीच्या कुंडापाशी थांबतात, "बाबा कसे आहेत?" असे विचारतात, आणि आपल्या कुंडापाशी आले की नुसते आत डोकावून पुढे जातात. आपले काम चांगलेच असणार, हे त्यांना ठाऊक असते, म्हणून. कपिंजलाला ते कळत होते. तरीही त्या घोंगड्या त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात. कुरंगी हसली की त्याला वाटे, ही मला हसते. तिच्या हातचे कापड उत्तम निघाले की त्याच्या तोंडाची चव जाई. तिची नाव चुकावी, तिच्या कापडावर डाग उठावा, असे त्याला मनापासून वाटू लागले, आणि तसे झाले नाही की तो आणखी कडवट होई. स्वतःच्या हातची नीळ त्याला पूर्वी प्रिय होती. आता तो त्या निळीकडेही धड पाहीना.

तशात राजाकडून मोठे काम आले. युवराजाच्या अभिषेकासाठी चाळीस तागे गडद निळे कापड पौर्णिमेच्या आत हवे होते. बोधिसत्त्वांनी सर्वांत मोठे कुंड तयार करायला कपिंजल आणि कुरंगी या दोघांना सांगितले. आपल्या कुंडावर काल आलेली मुलगी बरोबरीने उभी केलेली पाहून कपिंजलाच्या पोटात आगीचा गोळा उठला.

टाकळ्याचे बी शिजवून घातले, गूळ घातला, नीळ घातली. पाचव्या दिवशी कुंडावर तांबूस फेस धरला. त्या दुपारी कुरंगीने शेवटचा चुना घातला, आणि तेवढ्यात नदीपलीकडून निरोप आला की बापाचा श्वास कोंडला आहे.

"दादा, चुना मी घातलाय. आता फक्त झाकायचं राहिलं. बघाल ना?" तिने विचारले.

"जा तू," कपिंजल म्हणाला.

ती गेली. कपिंजल कुंडाच्या काठाशी उभा राहिला. मग त्याने चुन्याची बादली उचलली आणि सगळी आत ओतली. घाईत त्याच्या डाव्या मनगटावर चुना सांडला. तो तसाच झटकून त्याने कुंड झाकले.

सकाळी झाकण काढले तेव्हा फेस नव्हता, वास नव्हता. बुडवलेले कापड राखाडी निघाले. आंबणे थांबून कुंड मेले होते. माणसे गोळा झाली. कारभारी ओरडला, "चुना जास्त झालाय. शेवटचा चुना कुणी घातला?"

"मी," कुरंगी म्हणाली. ती बापाच्या उशाशी रात्र काढून आली होती. तिने आपल्या हातांकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "घाईत दोनदा घातला असेल माझ्याकडून. मला आठवत नाही."

ते शब्द कपिंजलाने ऐकले. त्याला आनंद होईल असे वाटले होते. झाला नाही. तरीही तो गप्प राहिला.

लोक म्हणू लागले, "सवलती दिल्या की असंच होतं." बोधिसत्त्वांची नजर मात्र कपिंजलाच्या मनगटावर गेली होती. तिथली कातडी पोळून लाल झाली होती. त्यांना सारे समजले. पण चार माणसांत त्याचे नाव घेतले तर एक माणूस कायमचा जाईल, आणि त्याने असे का केले ते मात्र कधीच कळणार नाही, असा विचार करून ते एवढेच म्हणाले, "कुरंगी, याचा ठपका मी तुझ्यावर ठेवत नाही. कुणी ठेवू नये." मग ते स्वतः राजवाड्यात गेले आणि कापड वेळेवर होणार नाही, दोष रंगशाळेच्या स्वामीचा, असे सांगून आले. राजाने ते काम दुसऱ्या रंगाऱ्याकडे दिले आणि तीन वर्षे राजवाड्याचे कापड त्यांच्याकडे येणार नाही, अशी आज्ञा केली.

दुसऱ्या दिवशी रंगशाळेला सुट्टी होती. सकाळी बोधिसत्त्व लोणी घेऊन कपिंजलाच्या घरी गेले. बावीस वर्षांत रंगशाळेतले कुणी त्या घरी गेले नव्हते. दाराला बाहेरून कडी घातलेली होती. तेवढ्यात कपिंजल पाणी घेऊन आला आणि जागच्या जागी थिजला.

"आर्य, आत येऊ नका," तो म्हणाला.

आतून एका बाईचा आवाज आला. ती कुठल्याशा बाळाला हाका मारीत होती. घरात बाळ नव्हते.

घागर खाली ठेवून कपिंजल उंबऱ्यावर बसला. "माझी बायको आहे, पद्मा. मूल गेल्यापासून अशी आहे. सोळा वर्षं झाली. पहाटे उठून मी रांधतो, तिला न्हाऊ घालतो, भरवतो आणि दार लावून कामाला येतो. दिवसभर ती आत काय करत असेल, याच्या धास्तीत कापड बुडवतो."

"कधी बोलला नाहीस?"

"तुमच्या वडिलांच्या वेळी एकाने मुलाच्या आजारपणात चार दिवस उशीर केला. त्याला सगळ्यांसमोर हाकलून दिलं. मी तिथेच उभा होतो." त्याने घागर बाजूला सारली. "मी दात खाऊन सोसलं. आणि ती आली, दहा दिवसांत तुम्ही तिला विचारलंत. मला बावीस वर्षांत कुणी विचारलं नाही, आर्य! एकदाही नाही! म्हणून ओतला मी चुना."

बोधिसत्त्व त्याच्या शेजारी उंबऱ्यावरच बसले. त्याचा हात हातात घेऊन ते पोळलेल्या जागी लोणी लावू लागले.

"नाही विचारलं," ते म्हणाले. "तू कधी चुकला नाहीस, म्हणून तुझं सगळं ठीक आहे असं मी धरून चाललो. ती चूक माझी. पण कुरंगीला आपलाच हात चुकला असं वाटतंय. ते मी दूर करू शकत नाही. तूच करू शकतोस."

दुसऱ्या दिवशी कपिंजलाने साऱ्यांसमोर आपले कृत्य सांगितले. कुरंगीने ऐकले आणि ती म्हणाली, "दादा, दोन दिवस मी माझ्याच हातांना घाबरत होते. बाबांना पाणी पाजतानाही घाबरत होते." एवढे बोलून ती आपल्या कुंडाकडे गेली. पुढे कितीतरी दिवस ती त्याच्याशी कामापलीकडे बोलली नाही, आणि बोधिसत्त्वांनीही तिला बोलायला सांगितले नाही.

त्यानंतर बोधिसत्त्वांनी साठही माणसांना एकेक करून विचारले, घरी कोण आहे, कोण तुझ्यावर अवलंबून आहे. जो उशिरा येई त्यालाही विचारले आणि जो कधीच उशिरा येत नसे त्यालाही. रंगशाळेच्या अंगणात त्यांनी एक ओसरी बांधली. आजारी, म्हातारी, लहान, ज्यांना घरी एकटे ठेवता येत नसे ती माणसे तिथे बसू लागली. पद्माही येऊ लागली. एक दिवस ती ओरडू लागली तेव्हा सर्वांत आधी कुरंगीच धावली आणि तिच्याजवळ बसून तिचे केस विंचरू लागली. कपिंजलाने ते कुंडाजवळून पाहिले. त्याला मान वर करवेना.

त्याचा मत्सर एका दिवसात गेला नाही. कधी कुणाला काही मिळाले की पुन्हा तो गोळा उठे. पण आता तो हातातले काम ठेवून बोधिसत्त्वांकडे जाई आणि सरळ सांगे, "आर्य, आज पुन्हा जळतंय." बोधिसत्त्व त्याला जवळ बसवून घेत.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात सांगितली, तेव्हा समोर वरुणगुप्त नावाचे एक वृद्ध स्थविर भिक्षू बसले होते. हीन मानलेल्या कुळातून आलेल्या मेघिक नावाच्या तरुण भिक्षूला शास्त्यांनी अपंग आईची सेवा करण्याची मुभा दिली, म्हणून स्थविर कित्येक दिवस मनात धुमसत होते. शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा कपिंजल म्हणजे आजचा वरुणगुप्त. कुरंगी म्हणजे हा मेघिक. रेवती म्हणजे याची आई. आणि ज्याच्या रंगशाळेत विचारायला बावीस वर्षे लागली, तो स्वामी मी होतो."

मग ते स्थविरांकडे वळले आणि त्यांनी विचारले, "वरुणगुप्ता, तुझं कसं चाललं आहे?"

स्थविरांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते सांगू लागले.

अशी ही बोधिसत्त्वांच्या करुणेची कथा आहे.